‘कम’ मेलं, आता ‘हीअर’ शिकवू का? कुत्र्याची भाषा बदलण्याबद्दल

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. नाशिकला तुमच्याकडे चार वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, ब्रुनो. सिट, डाऊन, शेकहँड सगळं येतं त्याला, पण मैदानात ‘कम’ म्हटलं की तो एकदा तुमच्याकडे बघतो आणि उलट्या दिशेने सुटतो. तुमच्या मिस्टरांचा आवाज चढला की अजून लांब जातो. शेजारच्यांनी सांगितलं की इंग्लिश आता त्याच्या डोक्यातून गेलं, जर्मन कमांड सुरू करा, ‘कम’ऐवजी ‘हीअर’, म्हणजे जर्मनमध्ये ‘इथे’, पोलिसांचे कुत्रे तसेच शिकलेले असतात. तुम्हाला विचारायचंय की या वयात नवी भाषा येईल का, दोन भाषांचा गोंधळ होईल का, कुठली भाषा घ्यावी आणि किती दिवस लागतील. आणि जाता जाता एक ओळ लिहिलीत, की सासूबाई ‘ये रे बाळा’ म्हणतात तेव्हा मात्र तो घरात कुठेही असला तरी धावत येतो. मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली, तिच्याकडे येतोच.

हो, शिकेल. चार वर्षं म्हणजे काहीच वय नाही, मी नऊ वर्षांच्या शेफर्डचे शब्द बदलून दिलेत. गोंधळही होत नाही, कारण कुत्र्याच्या डोक्यात इंग्लिशचा एक कप्पा आणि जर्मनचा दुसरा असं काही नसतं, प्रत्येक शब्द हा त्याच्यासाठी सुटा आवाज असतो आणि त्या आवाजानंतर आपल्यासोबत काय होतं एवढंच तो लक्षात ठेवतो. पण जर्मनमध्ये काही खास ताकद आहे असं समजून सुरुवात केलीत तर सहा महिन्यांनी ‘हीअर’चंही ‘कम’ झालेलं असेल. पुण्यात एकोणीस वर्षं कुत्रे शिकवतोय, हे इतक्या घरांत बघितलंय की आता नवा शब्द देण्याआधी मी घरातल्या सगळ्यांना तासभर समोर बसवतो आणि जुना शब्द कसा मेला ते विचारतो.

आधी हे जर्मन कुठून आलं ते सांगतो, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे. जर्मन शेफर्ड ही जात उभी केली माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या एका माजी कॅप्टनने, १८९९ मध्ये त्याने या जातीची संस्था काढली आणि पुढे काही वर्षांतच तिकडे या कुत्र्यांच्या कामाच्या परीक्षा सुरू झाल्या, शुट्सहुंड म्हणायचे, हल्ली आयजीपी म्हणतात. शेजारी नेदरलँड्समध्ये १९०७ पासून पोलीस कुत्र्यांसाठी केएनपीव्ही नावाची संस्था आहे. अमेरिकेतली पोलीस खाती आजही जर्मनी, नेदरलँड्स, चेक प्रजासत्ताक इथून बरेच कुत्रे तयार करूनच मागवतात. तो कुत्रा दीड-दोन वर्षं त्या भाषेत शिकून आलेला असतो, मग कुत्र्याचे सगळे शब्द बदलत बसण्यापेक्षा हवालदाराने डझनभर शब्द पाठ करणं सोपं पडतं, म्हणून पोलीस जर्मन नाहीतर डच बोलतात. चोराला कमांड कळू नये म्हणून हे करतात असं लोक सांगतात, पण धावपळीत अनोळखी माणूस ‘सिट’ म्हणून ओरडला तरी चांगला शिकलेला कुत्रा त्याच्याकडे बघतही नाही, त्याचं लक्ष आपल्या हँडलरवर, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या पोलिसावर असतं.

आणि एक गोष्ट आपण विसरतो. आपल्या मराठी घरांतला कुत्रा आधीपासूनच परदेशी भाषेत शिकलेला असतो. ज्या घरात दिवसभर कोणी इंग्लिशचं एक वाक्य बोलत नाही त्या घरातसुद्धा कुत्र्याला सिट, स्टँड, गो, कम, नो. आजोबा सुद्धा कुत्र्याशी इंग्लिश बोलतात. म्हणजे परक्या भाषेतल्या कमांडचा प्रयोग तुमच्या घरी एकदा होऊन गेलाय ताई, आणि त्यातला ‘सिट’ टिकला, ‘कम’ टिकला नाही. दोन्ही शब्द इंग्लिशच होते, मग असं का झालं हे समजून घ्यायला पाहिजे.

कुत्र्याला नेमकं काय ऐकू येतं ते आधी बघू. बुडापेस्टला एओटव्होश लोरांड विद्यापीठात कुत्र्यांच्या मेंदूवर अनेक वर्षं काम चाललंय, कुत्र्यांना जागं ठेवून, न बांधता, एमआरआय मशीनमध्ये शांत पडून राहायला शिकवलंय त्यांनी, हेच मला फार मोठं वाटतं. तिथे एक संशोधक बाई मेक्सिकोहून आपल्या कुत्र्याला, कुन-कुनला, घेऊन गेल्या आणि त्यांना प्रश्न पडला की आजूबाजूचे लोक आता स्पॅनिश सोडून हंगेरियन बोलतायत हे याला कळत असेल का. मग १८ कुत्र्यांना दोन्ही भाषांत उतारा ऐकवला, आणि ओळखीची भाषा आणि अनोळखी भाषा यांना मेंदूचा प्रतिसाद वेगळा आला, वयाने मोठ्या कुत्र्यांत हा फरक जास्त स्पष्ट होता. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे भाषेची चाल त्यांना ओळखू येते. पण त्याच विद्यापीठातलं २०२० चं दुसरं काम सांगतं की ओळखीचा कमांडचा शब्द आणि त्यातला एकच आवाज बदलून केलेला निरर्थक शब्द यांत कुत्र्यांच्या मेंदूने फरक केला नाही. ही दुसरी गोष्ट आपल्या कामाची, शब्द निवडताना लागेल.

शब्द त्यांना येतच नाहीत असं मात्र समजू नका. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात चेसर नावाची बॉर्डर कॉली होती, जॉन पिली नावाच्या निवृत्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी तिला तीन वर्षांत १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली, रोज तासन्‌तास बसून. मुद्दा असा की शब्द शिकण्याची कुवत कुत्र्यात भरपूर आहे, पण आपण शिकवताना शब्दासोबत हात, मान, डोळे, खिशाकडे जाणारी बोटं हे सगळं शिकवून बसतो आणि कुत्र्याला हातवारे शब्दांपेक्षा लवकर कळतात.

आज घरी एक करून बघा. नेहमीसारखं ब्रुनोसमोर उभं राहा, नेहमीसारखा हात करा आणि ‘सिट’ म्हणायच्या त्याच सुरात ‘बटाटा’ म्हणा. तो बहुतेक बसेल. मग पाठ फिरवून, हात खिशात घालून, साध्या आवाजात ‘सिट’ म्हणा. आता बसला तर शब्द आला म्हणायचं, नाहीतर त्याला तुमचा हात येतो. माझ्याकडे ‘सगळं येतं’ म्हणून आणलेल्या दहा कुत्र्यांतले सहा-सात तरी बटाट्याला बसतात. बरेच मालक यावर नाराज होतात, पण हे कळलं की पुढचं काम सोपं होतं, कारण नवा शब्द शिकवायच्या आधी हात आणि शब्द वेगळे करावे लागतात, आधी शब्द, मग अर्धा-एक सेकंद थांबून हात.

आता ‘कम’ कसा मेला. तुम्ही लिहिलंय त्यावरून आणि न लिहिलेल्या पण सगळ्या घरांत असणाऱ्या गोष्टींवरून सांगतो. ‘कम’ म्हटलं की मैदानातला खेळ संपतो आणि पट्टा लागतो. ‘कम’ म्हटलं की बाथरूममध्ये नेऊन अंघोळ घालतात. ‘कम’ म्हणून बोलावून कानात औषध टाकतात. सोफ्याची उशी फाडली तेव्हा ‘कम हिअर’ म्हणून बोलावलं आणि नाकावर फटका दिला. आणि मैदानात ‘कम कम कम कम’ असं दहादा म्हटलं, तो आला नाही, काही झालं नाही, म्हणजे पहिले नऊ ‘कम’ नुसता वारा होता हे तो शिकला, आणि दहाव्यानंतर आला तेव्हा रागावलेला माणूस भेटला. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही उलट्या दिशेने गेला असता. ‘सिट’चं असं काही झालं नाही, ‘सिट’नंतर बिस्किट मिळतं, पाहुणे कौतुक करतात, संपलं. म्हणून ‘सिट’ जिवंत आहे.

कॅरन प्रायर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षक बाईंनी अशा शब्दाला विष भिनलेला शब्द म्हटलंय. त्या शब्दानंतर कधी चांगलं होतं कधी वाईट, त्यामुळे तो ऐकला की कुत्रा कचरतो, जमीन हुंगायला लागतो, जांभई देतो, हळूहळू येतो, नाहीतर येतच नाही. लोकांना वाटतं हा मुद्दाम करतोय, माज आलाय. माज नाही हो तो, त्याला तुमच्या शब्दावर भरवसा राहिलेला नाही.

इथून दोन वेगळे रस्ते फुटतात आणि नव्वद टक्के लोक चुकीचा घेतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

पहिला रस्ता, शब्द चांगला आहे, काम चांगलं होतंय, फक्त भाषा बदलायची आहे. माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं, सहा वर्षं श्टुटगार्टला राहून पुण्याला परतलेलं, सोबत पाच वर्षांची शेफर्ड, लुना. तिला झित्स (बस), प्लात्स (आडवी हो), औस (सोड), फूस (पायाशी चाल) सगळं पक्कं. पण घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी, दिवसभर त्या आणि लुना दोघीच घरी, आणि आजींच्या तोंडात ते शब्द बसेनात. आजी म्हणाल्या, मी बोलते ते हिला कळत नाही आणि हिचं मला, अशी किती दिवस राहायची आम्ही. मग आम्ही मराठी शब्द ठरवले, बसायला ‘बैस’, आडवं व्हायला ‘टेक’, तोंडातलं सोडायला ‘सोड’. पद्धत अशी की आजींनी ‘टेक’ म्हणायचं, मनात एक आकडा मोजायचा, मग मुलाने ‘प्लात्स’ म्हणायचं, लुना आडवी झाली की आजींनीच पनीरचा तुकडा द्यायचा. नवा शब्द आधी, जुना नंतर. एका बैठकीत दहा-बारा वेळा, दिवसातून दोनदा. तिसऱ्या दिवशी आजी ‘टेक’ म्हणाल्या आणि मुलाने तोंड उघडायच्या आत लुना खाली गेली. आजी जरा वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, परत करून बघू.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. दोन्ही शब्द एकदम म्हटले, ‘टेक-प्लात्स’, तर कुत्रा नवीन काही शिकत नाही, कारण त्याला हवी ती सगळी माहिती जुन्या शब्दातून मिळालेलीच असते, नव्याकडे लक्ष द्यायची गरजच पडत नाही. लिऑन कामिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या शेवटी उंदरांवर हे दाखवलं होतं, जुना संकेत नव्याची वाट अडवतो. आणि जुना आधी नवा नंतर म्हटलं तर नव्याला काही अर्थच उरत नाही, काम होऊन गेलेलं असतं. मी सुरुवातीची दोन वर्षं लोकांना दोन्ही एकत्रच म्हणायला सांगत होतो आणि महिनाभर होऊनही बदल दिसला नाही की कुत्र्याला मंद ठरवत होतो. त्या कुत्र्यांचं आजही वाईट वाटतं मला.

दुसरा रस्ता, शब्दात विष आहे. तुमचं ‘कम’. इथे वरची पद्धत चुकूनही वापरायची नाही! कारण ‘हीअर’ म्हणून मग ‘कम’ म्हणालात तर ‘हीअर’ कशाची बातमी देणार? आता ‘कम’ येतंय, म्हणजे पट्टा येतोय, खेळ संपतोय, याची. म्हणजे जुन्या भांड्यातलं नासलेलं दूध तुम्ही स्वतःच्या हाताने नव्या भांड्यात ओतलंत. शेजारच्यांचा सल्ला ऐकून जर्मन सुरू करणारे नेमकं हेच करतात, ‘हीअर’ म्हणतात, तो येत नाही, की लगेच सवयीने ‘अरे कम ना’. असा शब्द पार सोडून द्यायचा आणि पिल्लाला शिकवतो तसं शून्यापासून नवीन बांधायचं.

आणि हो, सगळी भाषा बदलू नका. सिट, डाऊन, शेकहँड नीट चालतंय ना, मग त्याला हात लावू नका. फक्त बिघडलेला शब्द बदला. एका कुत्र्याला एक शब्द इंग्लिश, एक जर्मन, एक मराठी असं चालतं, त्याला कुठे परीक्षा द्यायचीय भाषेची.

आता शब्द कुठला घ्यायचा. लोक यादी शोधून पाठ करतात, माझा सल्ला आहे की आधी घरात दिवसभर काय आवाज असतात ते ऐका. मराठीत ‘बस’ ही कमांड मी कोणाला देऊ देत नाही, कारण ‘बस झालं’, ‘बस आली का’, ‘इथे बस’ हे दिवसातून पन्नास वेळा होतं आणि प्रत्येक वेळी कुत्र्याला काहीच मिळत नाही, शब्द पातळ होत जातो. नुसतं ‘ये’ तसंच, आपण ‘ए’ म्हणून हाका मारतो ते आणि ‘ये’ त्याच्या कानाला जवळजवळ एकच. परक्या शब्दाचा खरा फायदा इथे आहे, तो शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यात येत नाही, रागाच्या भरात आपोआप तोंडातून निघत नाही, म्हणायच्या आधी तुम्हाला क्षणभर थांबावं लागतं. आणि त्या क्षणभरात तुमचा आवाजही सुधारतो, हे मी अनेक घरांत ऐकलंय, ‘कम’ म्हणताना कपाळावर आठी असलेला माणूस ‘हीअर’ म्हणताना साध्या आवाजात म्हणतो कारण त्या शब्दासोबत त्याचाही काही जुना राग नसतो.

पण परका शब्दही तपासून घ्यावा लागतो. जर्मन ‘झित्स’, झाडातला झ, हा ‘सिट’चा सख्खा भाऊ, त्यामुळे कोणाचं ‘सिट’ बिघडलं असेल तर झित्स घेऊन उपयोग नाही, बुडापेस्टचं वर सांगितलं ते आठवा, एखाद्या आवाजाचा फरक त्यांना भेद वाटेलच असं नाही. जर्मन ‘नाइन’ म्हणजे नाही, पण घरात मूल पाढे म्हणत असेल तर सांभाळा. चेक भाषेत ये म्हणायला ‘के म्न्ये’ म्हणतात, ऐकायला छान पण सुरुवातीचा क आणि म बघा, तुमच्या ‘कम’च्या जवळ जातो, तुमच्यासाठी बाद. फ्रेंच ‘इसी’ म्हणजे इथे, पण पिल्लू असताना ‘शी कर’ म्हणून बाहेर नेलेलं असतं, नको. तमिळमध्ये ये म्हणजे ‘वा’, आणि आपण कौतुकाला ‘वा वा’ म्हणतो, गेलं तेही. कन्नडचं ‘बा’ छोटं, स्वच्छ आहे, पण लांबून ऐकू जायला अपुरं पडतं. तुमच्या मुलाला शाळेत संस्कृत असेल तर ‘आगच्छ’ उत्तम, घरात कोणी एरवी म्हणत नाही, शेवटचा च्छ मैदानात दूरवर कापत जातो, आणि मुलाला मजा येते म्हणजे तो स्वतःहून सराव घेतो. तुम्हाला जर्मनच हवं असेल तर ‘हीअर’ ठीक आहे, फक्त कोणी ‘कम हिअर’ असं जोडून म्हणत असेल तर तोही बाद, तुम्ही म्हणत असाल असा माझा अंदाज आहे, म्हणून माझं मत ‘आगच्छ’ला. ज्यांना शब्दच नको त्यांनी शिट्टी घ्यावी, शिट्टीला राग येत नाही.

उच्चार जर्मन माणसासारखा झाला नाही तरी चालेल, पण घरातल्या सगळ्यांचा एकसारखा पाहिजे. कामाच्या मावशी, फिरायला नेणारा मुलगा, सगळे धरून. फ्रिजवर कागद लावा, कुठल्या कामाला कुठला शब्द, आणि ‘कम’वर मोठी फुली. तो शब्द चुकून कोणाच्या तोंडून गेला आणि ब्रुनो आला, तर मात्र कौतुक करा, आलेल्याला कधीच कौतुकाशिवाय परत पाठवू नका.

शिकवायला सुरुवात मैदानात करायची नाही. पहिले तीन-चार दिवस घरात. चिकन लिव्हर उकडून, मीठ-कांदा-लसूण काही न घालता, वाटाण्याएवढे तुकडे करा, लॅब आहे, तुकडा छोटा असला तरी तेवढाच खूश होतो. शाकाहारी घर असेल तर पनीर चालतं, सुकट चालत असेल तर त्याच्या वासाने तर कुत्रे वेडे होतात, फक्त खारवलेली नको. नाशिकचे आहात म्हणून मुद्दाम सांगतो, द्राक्षं आणि मनुका चुकूनही देऊ नका, किडनी जाते कुत्र्याची, आणि बागेतून घरी पेटी येते तेव्हा खाली सांडलेल्यांवर पण लक्ष ठेवा. तर, तो जवळच उभा असताना एकदाच ‘आगच्छ’ म्हणायचं, एक सेकंद थांबायचं, तुकडा तोंडात. त्याने काही करायचं नाही, यायचंसुद्धा नाही, तुम्हीच द्यायचा. दहा वेळा झालं की थांबायचं, दिवसातून दोन-तीनदा. चौथ्या दिवशी तो दुसरीकडे बघत असताना हळूच म्हणा, मान फटकन वळली की समजा शब्दाला जीव आला.

मग दोन पावलांवरून, मग दुसऱ्या खोलीतून, मग जिन्यातून, मग पार्किंगमध्ये, आणि शेवटी मैदान. मैदानात दहा मीटरची जाड सुती दोरी, हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावलेली, गळ्याच्या पट्ट्याला नाही, नायलॉनची नको, हात सोलून निघतात. दोरी ओढून आणायला नाही, तो सुसाट निघून जाऊ नये एवढ्यासाठीच. एकदा म्हणायचं. आला तर आधी हळूच गळ्यातला पट्टा धरायचा, मग तुकडा, मग पट्टा सोडून ‘जा खेळ’. हे पट्टा धरून सोडणं बहुतेकजण करत नाहीत आणि मग हात पट्ट्याकडे गेला की कुत्रा बगल देतो. दहातल्या नऊ वेळा बोलावून परत खेळायला सोडायचं, म्हणजे येणं आणि घरी जाणं यांची गाठ सुटते. आणि आला नाही तर पुन्हा म्हणायचं नाही, काहीही झालं तरी नाही. खाली बसा, टाळ्या वाजवा, उलटं पळत सुटा, आला की तरीही तुकडा द्या, आणि पुढच्या वेळी अंतर कमी करा, तो चुकला नाही, आपण घाई केली. येईल अशी खात्री नसेल तिथे शब्द तोंडातून काढायचाच नाही, चालत जाऊन घेऊन या. अंघोळीला, औषधाला, नखं कापायला सुद्धा, चालत जाऊन.

किती दिवस, तर घरात आठवडा, पार्किंग दोन आठवडे, मैदान दोरीसकट दोन-तीन महिने. रोज पाच-पाच मिनिटं. दहा दिवसांत भाषा बदलून देतो म्हणणारे भेटतील, चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घालून देतात ते, आणि नवीन शब्दाला पहिल्याच दिवशी विष लागतं. फटाक्यांच्या आवाजात, भटके कुत्रे अंगावर आले की, मधेच जुनी सवय उसळून येईल, त्याला शब्द विसरला म्हणायचं नाही, भीतीत माणूसही हाक ऐकत नाही. सुरू करण्याआधी एकदा व्हेटला कान दाखवून घ्या, लॅबचे लोंबते कान पावसाळ्यात फार बिघडतात, आणि ऐकूच कमी येत असलेल्या कुत्र्याला महिनोन्‌महिने रागावणारी घरं मी बघितलीत.

नावाबद्दल पण बोलायला हवं. तुमचे मिस्टर ‘ब्रुनो, नो!’ म्हणतात असं लिहिलंत. नावाचा शेवट ‘नो’ आणि रागावणं पण ‘नो’, म्हणजे कुत्र्याला स्वतःचं नाव दर वेळी अर्धं रागावल्यासारखं ऐकू येतं. नाव बदलायची गरज नाही, ‘नो’ बदला. ‘अं हं’ म्हणा, आणि काय करू नको यापेक्षा काय कर ते सांगा, उशी ओढतोय तर ‘सिट’, ते त्याला येतंच. आणि दिवसातून दहा-बारा वेळा नुसतं नाव घ्यायचं, त्याने बघितलं की हसून तुकडा, दुसरं काही मागायचं नाही.

आता सासूबाई. ‘ये रे बाळा’ मराठीच आहे ना, त्यातलं ‘ये’ घरात सगळ्यांना म्हटलं जातं, तरी तो धावत येतो. कारण तुम्हीच लिहिलंय, त्या भाकरी कुस्करून दुधात घालतात तेव्हाच म्हणतात, एकदाच म्हणतात, आणि त्यांनी बोलावून त्याला कधी अंघोळ घातली नाही की रागावलं नाही. चार वर्षांत त्या शब्दानंतर एकदाही वाईट झालेलं नाही. मी वर जे दोन-तीन महिन्यांचं काम सांगितलं ते सासूबाईंनी कोणाला न विचारता करून ठेवलंय. त्यामुळे ‘आगच्छ’चे पहिले चार दिवस तुम्ही किंवा मिस्टरांपेक्षा त्यांच्याकडे द्या, तुकडे त्यांच्या हातात, शब्द त्यांच्या तोंडी, भाकरीच्या वेळेआधी पाच मिनिटं. ‘ये रे बाळा’ मात्र त्यांचंच राहू दे, मैदानात तो तुमच्यापासून लांब पळाला म्हणून कोणी ते तिथे ओरडून वापरायचं नाही, कितीही मोह झाला तरी.